पायाखालचा ओटा बदलला, तसा सूर बदलला

ठाण्यात उन्हाळी शिबिरात पोहायला शिकलेलं मूल स्पर्धेच्या गटात गेलं, की पालक हमखास विचारतात: आम्ही तर दोन्ही पाय जोडून सूर मारायचो, हा एक पाय मागे कशासाठी? याचं उत्तर मुलाच्या पायांपेक्षा त्याखालच्या ओट्यात, म्हणजे स्टार्टिंग ब्लॉकमध्ये, जास्त आहे.

1896 च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये शर्यती समुद्रात झाल्या, जलतरणपटूंनी बोटीतून उड्या टाकल्या. ऑलिंपिकमध्ये ब्लॉक आले 1936 मध्ये, बर्लिनला. पाणी हवेपेक्षा सुमारे 800 पट दाट असतं, त्यामुळे सुरुवातीचे काही मीटर हवेतून कापले की तेवढा फायदाच.

त्या काळचा सूर हातांच्या झोक्यावर होता. इशारा झाला की हात मागून गोल फिरवायचे आणि त्या झोकानिशी झेपावायचं. जोर चांगला मिळे, पण हात फिरेपर्यंत घड्याळ चालूच राही. इथेच सगळी गोम आहे. ब्लॉकवर जास्त वेळ रेटलं तर वेग वाढतो, पण तो वेळही शर्यतीतच मोजला जातो. 1967 मध्ये प्रशिक्षक एरिक हॅनॉवर यांनी ग्रॅब स्टार्ट मांडला: ब्लॉकची पुढची कड हातांनी धरायची, शरीराचा भार पुढे आणायचा. त्यामुळे इशारा होताच शरीर लगेच पुढे कलतं. झोका मात्र रिलेमध्ये टिकून राहिला. तिथे पुढचा खेळाडू येणाऱ्या सोबत्याला पाहू शकतो, म्हणून हात आधीच फिरवायला घेतले तरी वेळ वाया जात नाही. सोबत्याचा हात भिंतीला लागेपर्यंत पाय ब्लॉकवर असले म्हणजे झालं.

सत्तरच्या दशकात धावपटूंसारखा एक पाय मागे ठेवणारा ट्रॅक स्टार्ट आला. ब्लॉक लवकर सुटू लागला, पण दोन्ही पायांनी एकदम मिळणारा रेटा कमी पडे. कारण साधं आहे: सपाट पृष्ठभागावर मागचा पाय मुख्यतः खाली दाबतो, मागे ढकलायला त्याला आधारच नसतो. ग्रॅब बरा की ट्रॅक, हा वाद बरीच वर्षं चालला. तो मिटवला तिरप्या पाटीने. मागे किक प्लेट, म्हणजे मागचा पाय टेकवायची तिरपी पाटी, असलेले ब्लॉक आले आणि 2012 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते दिसले. तिरप्या पाटीवर पाय मागे रेटतो, शरीर पुढे जातं. न्यूटनचा तिसरा नियम इतका स्वच्छ क्वचितच पाहायला मिळतो.

ब्लॉक सोडताना अव्वल खेळाडूचा वेग सेकंदाला 4 मीटरच्या वर असतो, पोहण्याचा वेग त्याच्या निम्माच. म्हणून पाण्यात शिरताना हात, डोकं, कंबर एका रेषेत ठेवून तो वेग जपायचा आणि डॉल्फिन किक (दोन्ही पाय जोडून पाण्याखाली मारायची लाटेसारखी किक) वेळेवर सुरू करायची. फ्रीस्टाइल, बॅकस्ट्रोक आणि बटरफ्लायमध्ये 15 मीटरच्या आत डोकं वर यावंच लागतं.

आपल्याकडच्या प्रशिक्षकांनी दोन गोष्टींवर अडून बसावं असं मला वाटतं. पहिली खोली: ब्लॉकपुढे किमान 1.35 मीटर पाणी हवं असं आंतरराष्ट्रीय नियम सांगतात, शिकाऊ मुलांसाठी मी त्याहून जास्तच मागेन. दुसरी, ज्या तलावात किक प्लेट नाही तिथल्या मुलांना स्पर्धेपूर्वी ती असलेल्या ब्लॉकवर सराव मिळायला हवा. पाटी पुढेमागे सरकवता येते आणि प्रत्येकाची जागा उंचीनुसार, पायांच्या ताकदीनुसार वेगळी असते. ती शोधायला स्पर्धेच्या सकाळचा वॉर्म-अप पुरत नाही.