मनोविकार वॉर्डातील व्यवसायोपचार (मुंबई)

मानसिक आजारामुळे रुग्णालयात दाखल झालेल्या माणसाचा विस्कटलेला दिनक्रम पुन्हा बसवण्यासाठी रोजच्या कामांचाच औषधासारखा उपयोग करणारी उपचारपद्धती. अंघोळ, चहा, शिवण, भाजी निवडणे, हिशेब, कॅरम, लोकलचा प्रवास यांपैकी काहीही इथे उपचाराचे साधन होऊ शकते. हे काम करणाऱ्याला व्यवसायोपचारतज्ज्ञ म्हणतात. रुग्णालयात मात्र त्याला आणि या उपचारालाही सगळे ‘ओटी’ (ऑक्युपेशनल थेरपी) म्हणतात. शस्त्रक्रियेच्या खोलीलाही ओटीच म्हणत असल्याने ‘उद्या पेशंटला ओटीत पाठवा’ हे ऐकून नवे नातेवाईक धसकतात. त्यामुळे पहिल्या भेटीतली पाच मिनिटे हे समजावण्यात जातात, आणि ती जायलाच हवीत.

‘व्यवसाय’ या शब्दानेही गैरसमज होतो. मराठीत व्यवसाय म्हणजे पोटापाण्याचा धंदा. त्यामुळे इथे रुग्णाला नोकरी लावून देतात किंवा हस्तकला शिकवतात, असे अनेकांना वाटते. या शास्त्रात शब्दाचा अर्थ बराच मोठा आहे. माणसाचा वेळ आणि लक्ष ज्यात गुंतते ते सारे त्यात येते. घर सांभाळणारी बाई, निवृत्त कारकून, बारावीचा मुलगा, या प्रत्येकाचा दिवस कशाने तरी भरलेला असतो. आजार तो दिवस हळूहळू रिकामा करतो. दाखल होण्याच्या कितीतरी आधी माणसाचे दात घासणे सुटलेले असते, जेवणाची वेळ गेलेली असते, रात्रीचा दिवस झालेला असतो.

मुंबईतील परंपरा

भारतातील व्यवसायोपचाराचे शिक्षण मुंबईतच सुरू झाले. मूळच्या अमेरिकन, विवाहानंतर भारतात स्थायिक झालेल्या कमला निंबकर यांनी 1950 मध्ये परळच्या केईएम रुग्णालयात देशातील पहिली व्यवसायोपचार शाळा काढली. अखिल भारतीय व्यवसायोपचारतज्ज्ञ संघटना 1952 मध्ये त्यांच्याच पुढाकाराने उभी राहिली, आणि त्याच वर्षी स्थापन झालेल्या जागतिक महासंघाच्या दहा संस्थापक सदस्यांत भारत होता. आज केईएमबरोबरच शीव आणि नायर या महापालिकेच्या रुग्णालयांशी जोडलेल्या महाविद्यालयांतही हा अभ्यासक्रम आहे. चार वर्षे शिक्षण, त्यानंतर आंतरवासिता. मनोविकार वॉर्डात काम करणे हा त्याचा भाग असतो.

सर्वसाधारण रुग्णालयात मनोविकारांवर उपचार करण्याची वाटही मुंबईत लवकर पडली. डॉ. के. के. मसानी यांनी 1938 मध्ये जे. जे. रुग्णालयात मनोविकारांचा बाह्यरुग्ण विभाग सुरू केला. याचा व्यवसायोपचाराशी थेट संबंध आहे. 1901 मध्ये सुरू झालेल्या ठाण्याच्या मनोरुग्णालयासारख्या स्वतंत्र संस्थेत काही रुग्ण वर्षानुवर्षे राहिलेले असतात. तिथे संस्थेच्या आवारातच जगण्याची घडी बसवावी लागते. शहरातल्या मोठ्या रुग्णालयाच्या वॉर्डात मुक्काम बहुधा काही आठवड्यांचा असतो, आणि पुष्कळदा आई, बायको किंवा भाऊ शेजारी राहिलेला असतो. हाती वेळ कमी असतो, पण घर डोळ्यांसमोर असते.

वॉर्डातला दिवस

वॉर्डात वेळ साचून राहते. सकाळचा चहा, डॉक्टरांचा राउंड, गोळ्या, जेवण, पुन्हा गोळ्या. मधले सगळे तास भिंतीकडे पाहण्यात जातात. या मधल्या तासांसाठीच ओटीची नेमणूक असते. पहिली पायरी साधी असते. माणसाला खाटेवरून उठवायचे, तोंड धुवायला लावायचे, केस विंचरायचे. यात वॉर्डातल्या मावशी आणि मामांची मदत मोलाची असते. काल रात्री कोण झोपले नाही आणि कोणी जेवण परत पाठवले, हे केसपेपरच्या आधी त्यांना ठाऊक असते.

त्यानंतर गटाचे काम सुरू होते. मेथीची जुडी घेऊ. टेबलाभोवती सहा-सात जण बसतात, मधे वर्तमानपत्र पसरलेले असते. मेथी हाताने खुडता येते, सुरी लागत नाही. ज्याच्या मनात स्वतःला इजा करण्याचे विचार आहेत त्यालाही निर्धास्तपणे टेबलावर बसवता येते. पान कोवळे की जून, ठेवायचे की टाकायचे, हा छोटासा निर्णय दर काही सेकंदांनी घ्यावा लागतो. नैराश्यात ‘मला काहीच ठरवता येत नाही’ म्हणणारी बाई असे पन्नास निर्णय घेऊन उठते, आणि तिच्यासमोर पानांचा ढीग दिसत असतो. उन्मादाच्या अवस्थेतल्या माणसाला पूर्ण जुडी देत नाहीत. मूठभर देतात, संपली की आणखी मूठभर. स्किझोफ्रेनियाच्या रुग्णाला कडेची जागा देतात. त्याने बोललेच पाहिजे असा आग्रह नसतो. चार माणसांजवळ अर्धा तास बसणे हेच त्याचे त्या दिवसाचे काम असते. वास येतो, मग कोणीतरी आपली आई मेथीत काय घालायची ते सांगते. आठवडाभर न बोललेला माणूस मधेच ‘लसूण’ एवढेच म्हणतो. राउंडला सांगावी अशी ही गोष्ट असते.

एकाच कामाचे असे तुकडे पाडणे, कोणत्या तुकड्याला काय लागते ते ओळखणे, आणि ते माणसागणिक सोपे-अवघड करणे हा या विद्येचा गाभा आहे. बाहेरून पाहणाऱ्याला मात्र भाजी निवडणे दिसते. ‘टाइमपास चाललाय’ असे वॉर्डातलेच काही जण म्हणतात. हा समज रुग्णाचे थेट नुकसान करतो, कारण मग गटाच्या वेळेत तपासण्या लावल्या जातात आणि माणूस मधेच उठवून नेला जातो.

शिवण किंवा कागदकाम असेल तर सुया आणि कात्र्या आधी मोजून देतात आणि मोजून परत घेतात. एक सुई कमी भरली तर ती सापडेपर्यंत कोणी खोली सोडत नाही. दोरी, नाडी, लांब लोकर यांवर सतत नजर ठेवावी लागते. विजेचे उपचार ज्या सकाळी झाले, त्या दिवशी नवे काही शिकवत नाहीत. स्मरण धूसर असते, आणि न जमल्याचे ओझे माणसाने विनाकारण वाहायचे नसते.

पाहणे आणि मोजणे

औषधांचा परिणाम पुष्कळदा आधी कामाच्या टेबलावर दिसतो. कप धरताना हात थरथरणे, अक्षर दिवसेंदिवस बारीक होत जाणे, चेहरा ताठरणे. बूड न टेकणारा रुग्ण घाबरलेला आहे, की ही औषधाने आलेली अस्वस्थता आहे, हे डॉक्टरांना ठरवावे लागते. अर्धा तास समोर बसलेल्या माणसाचे निरीक्षण त्यात कामी येते. लिथियम हे औषध घेणाऱ्याच्या हाताची थरथर अचानक मोठी झाली आणि चालताना तोल जाऊ लागला, तर दुसऱ्या दिवसाच्या राउंडची वाट पाहायची नसते. लगेच कळवायचे.

ठरीव चाचण्याही आहेत. अमेरिकेत क्लॉडिया ॲलन यांनी रचलेल्या चाचणीत कडेला भोके पाडलेला चामड्याचा तुकडा आणि टाके घालायला दोरा व चामड्याची वादी देतात. आधी सोपा धावदोरा, मग काठावरून गुंडाळत जाणारा टाका, शेवटी गुंतागुंतीचा तिसरा टाका. मधेच तज्ज्ञ मुद्दाम चूक करून ठेवतो. रुग्णाला ती दिसते का, तो ती उसवतो का, की पीळ पडलेल्या वादीवरून तसाच पुढे जातो, यावरून घरी त्याला किती देखरेख लागेल याचा अंदाज बांधतात. मुंबईत ही चाचणी जपून वापरावी लागते. धारावीत चामड्याच्या पिशव्या शिवण्यात हयात घालवलेल्या कारागिराची बोटे हा टाका झोपेतही घालतील. त्याच्या आकड्यावरून बुद्धी ताजीतवानी आहे असे मानले तर फसगत होते. अशा वेळी त्याच्या अंगवळणी नसलेले काम द्यावे लागते.

चहा करायला सांगणे ही त्याहून जुनी आणि भरवशाची परीक्षा. पाणी मोजून घेतले का, साखर दोनदा पडली का, दूध उतू जाताना हात पुढे आला का, शेगडी बंद केली का, आणि समोरच्याला ‘घेणार का?’ असे विचारले का. शेवटचा प्रश्न कोणी शिकवत नाही. तो आपणहून आला की नातेवाइकांच्या डोळ्यांत पाणी येते.

अपंगत्वाच्या दाखल्यासाठी ‘आयडियाज’ ही भारतीय मोजपट्टी वापरतात. स्वतःची काळजी, माणसांशी संबंध, संवाद आणि समज, व काम अशा चार बाजूंना शून्य ते चार गुण देतात, आणि आजाराचा काळही धरतात. 2016 च्या अपंग व्यक्ती हक्क कायद्यानुसार बहुतेक सवलतींसाठी किमान 40 टक्के अपंगत्व लागते. या चारही बाजू ओटी रोज पाहत असल्याने त्याच्या नोंदींना इथे वजन असते.

उपचार की राबवणे

कामाने माणूस बरा होतो, हा विचार जुना आहे, आणि त्याचा गैरवापरही तितकाच जुना. जगभरच्या मनोरुग्णालयांत शेती, विणकाम, धुलाई आणि स्वयंपाक रुग्णांकडून करून घेतला गेला, आणि त्याला उपचार म्हटले गेले. 29 मे 2018 पासून लागू झालेल्या 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने याला स्पष्ट आळा घातला. कलम 20 नुसार रुग्णाला काम करायची सक्ती करता येत नाही, आणि त्याने काम केले तर त्याचा योग्य मोबदला मिळाला पाहिजे. मुंडण करण्याची आणि गणवेश घालण्याची सक्तीही त्याच कलमाने मना केली. करमणूक आणि शिक्षणाची सोय हा हक्क ठरला.

ही सीमा व्यवहारात रोज तपासावी लागते. कागदाची पाकिटे चिकटवणे हे उत्तम काम आहे: घड्या, क्रम, मोजणी, नीटनेटकेपणा. पण औषधखिडकीला पाकिटे कमी पडली म्हणून ‘आज शंभर करून घ्या’ असा निरोप आला, की ते रुग्णाचे काम राहत नाही. दिवाळीपूर्वी पणत्या रंगवून विकायच्या असतील, तर पैसे कोणाला मिळणार हे ब्रश हातात देण्याआधी ठरलेले असावे. ‘आज मला नाही करायचं’ हे उत्तर केसपेपरवर असहकार म्हणून लिहू नये. कित्येक आठवड्यांत माणसाने स्वतः घेतलेला तो पहिला निर्णय असू शकतो.

घरी जाण्याची तयारी

घरी सोडण्याचे नियोजन हा कायद्याने मान्य केलेला टप्पा आहे. व्यवसायोपचारात त्याची तयारी दाखल झाल्याच्या आठवड्यातच सुरू होते, कारण वॉर्डातले वेळापत्रक दहा बाय बाराच्या खोलीत जसेच्या तसे चालत नाही. तिथे पाच माणसे, एक मोरी, रात्री उशिरापर्यंत टीव्ही. एकांत हवा असलेल्या माणसाला तो जिना, गच्ची किंवा जवळचे देऊळ यांत शोधून द्यावा लागतो. कामावर परतायचे असेल तर गर्दीच्या लोकलची भीती वेगळी हाताळावी लागते: आधी दुपारची रिकामी गाडी, सोबत कोणीतरी, दोन स्टेशने, मग एकट्याने, मग सकाळची वेळ.

अडचण अनेकदा साध्या गोष्टीत दडलेली असते. चाळीतल्या एखाद्या घरात पाणी पहाटे पाचला येते आणि तासाभरात जाते. पाणी भरणे हे त्या बाईचे लग्नापासूनचे काम. घरातले तिचे स्थान त्या हंड्या-पिंपांशी बांधलेले. रात्री उशिरा घेतलेल्या गोळीमुळे पहाटे डोळा उघडत नाही. सासूबाई पाणी भरू लागतात. दोन महिन्यांत तिच्यावर ‘ही आता कशाची करते’ असा शिक्का बसतो, ती गोळी चुकवू लागते आणि पुन्हा वॉर्डात येते. हे आधी विचारून घेतलेले असेल, तर डॉक्टरांशी बोलून गोळीची वेळ अलीकडे आणता येते का ते पाहता येते, पहिले काही आठवडे पिंप नवऱ्याने आणि छोट्या कळशा तिने, अशी वाटणी सासूबाईंसमोरच करून देता येते. म्हणून पुढच्या भेटीला झोप आणि भूक यांच्याबरोबर तिला हेही विचारतात : पाणी कोण भरतंय?