धर्माचा तास आणि ‘ब्रोकन होम’ची मुलं : इंडोनेशियातील पार्श्वभूमी

इंडोनेशियाच्या सरकारी शाळांत धर्मशिक्षण आधी सक्तीचं नव्हतं. मुलाला त्या तासाला बसवायचं की नाही, हे 1950 च्या कायद्याने पालकांवर सोडलं होतं. 1965 च्या कम्युनिस्टविरोधी रक्तपातानंतर वारं फिरलं आणि 1966 मध्ये ही मुभा गेली. पुढे 1974 च्या विवाह कायद्याने घटस्फोट कोर्टातच घ्यायचा असं ठरवलं. मुलांच्या संगोपनाचा आणि शिक्षणाचा खर्च वडिलांवर टाकला. मुस्लिमांसाठीच्या 1991 च्या इस्लामी कायदा-संहितेने 12 वर्षांखालचं मूल आईकडे दिलं. कागद चोख. पण वडिलांनी पैसे पाठवणं थांबवलं की ते आधी कळतं वर्गात.

खरा घोळ शब्दाचा आहे. मोडलेल्या घराला तिथे सर्रास ‘ब्रोकन होम’ म्हणतात, इंग्रजीतूनच. त्यात घटस्फोटितांची मुलं येतात, एकाच छपराखाली रोज भांडणाऱ्यांची येतात, आणि आई हाँगकाँगला घरकामाला गेली म्हणून आजीजवळ वाढणारंही कित्येकदा येतं. या शेवटच्या मुलाचं घर मोडलेलं कसं? उलट ते टिकावं म्हणूनच आई गेली आहे. धर्मशिक्षकाजवळ जो जुना शब्द आहे तो ‘यतीम’, म्हणजे वयात येण्याआधी बाप वारलेलं मूल. त्याच्यासाठी कुरआनात वारंवार आज्ञा आहेत, मुहर्रमच्या दहाव्या दिवशी मदतवाटप होतं. बाप जिवंत आहे पण फिरकत नाही, असं मूल यतीम ठरत नाही. त्याच्या वाट्याला आयती सहानुभूती येत नाही. येतो तो आईवडिलांशी सद्वर्तनाचा धडा. सोडून गेलेल्या बापाचा मान कसा राखायचा, हे त्याला समजावणं हीच या शिक्षकाची कसोटी, आणि प्रशिक्षणात तिला फारशी जागा नाही.

समुपदेशन 1975 च्या अभ्यासक्रमात आलं. 2014 च्या नियमाने 150 विद्यार्थ्यांमागे एक समुपदेशक ठरवला. प्राथमिक शाळेत मात्र ते काम बहुधा वर्गशिक्षकच सांभाळतात. मुलं धर्मशिक्षकाकडे वळतात यात नवल नाही. 2005 च्या कायद्याने शिक्षकाच्या व्याख्येतच ‘मार्गदर्शन करणं’ घातलं होतं. 2013 च्या अभ्यासक्रमाने विषयाच्या नावाला सदाचार जोडला, उच्च माध्यमिकचे आठवड्याचे तास 2 वरून 3 केले आणि मुलाच्या वृत्तीचंही मूल्यमापन सुरू केलं. म्हणजे ज्याच्याजवळ मन मोकळं करायचं, वर्तनाचा शेरा देणाराही तोच झाला.