वन-मेक स्पोर्ट्स कार मालिका : नवा हंगाम

सर्व स्पर्धकांनी एकाच कंपनीची, एकाच बनावटीची गाडी घेऊन उतरायचे, अशी मोटार शर्यतींची मालिका म्हणजे वन-मेक मालिका. पोर्शे सुपरकप, फेरारी चॅलेंज, लॅम्बोर्गिनी सुपर ट्रोफेओ आणि माझदा एमएक्स-५ कप ही तिची परिचित नावे. गाडी सगळ्यांना सारखीच मिळते म्हणून शर्यत सोपी, असा समज आहे आणि तो साफ चुकीचा आहे. इंजिनाची ताकद सारखी, टायर सारखे, इंधनही सारखे. मग उरतो तो सेकंदाच्या दशांशाचा फरक. तो कारखान्यात मिळत नाही, हंगामाआधीच्या तयारीत मिळवावा लागतो.

ही कल्पना जुनी आहे. बीएमडब्ल्यू एम-१ गाड्यांची प्रोकार मालिका १९७९ आणि १९८० अशी दोनच वर्षे चालली. तिचे विजेते होते फॉर्म्युला वनचे ड्रायव्हर निकी लाउडा आणि नेल्सन पिके. जर्मनीत पोर्शे ९४४ टर्बो कप १९८६ मध्ये, तर ९११ गाड्यांचा कॅरेरा कप १९९० मध्ये सुरू झाला. १९९३ पासून फॉर्म्युला वनच्या शर्यतींना जोडून सुपरकप होऊ लागला आणि त्याच वर्षी फेरारी चॅलेंजही आली. लॅम्बोर्गिनीची मालिका त्यानंतरची, २००९ सालची. सुपरकपमध्ये पॅट्रिक हाउसमानने १९९७ ते २००० अशी सलग चार विजेतेपदे मिळवली. गाडी सर्वांची एकच असताना साधलेले हे सातत्य थक्क करणारे आहे.

जीटी३ नावाच्या स्पोर्ट्स कार गटात वेगवेगळ्या कंपन्यांच्या गाड्या एकत्र धावतात. त्यामुळे तिथे वजन आणि ताकद कमी-जास्त करून समतोल राखावा लागतो आणि त्यावरून वाद होत राहतात. वन-मेक मालिकेत त्या वादाला जागाच नाही. इथली भांडणे सीलवरून (इंजिनासारखे भाग उघडू नयेत म्हणून लावलेल्या मोहरेवरून) आणि मापांवरून होतात.

गाडी

२०२१ मध्ये आलेली पोर्शे ९११ जीटी३ कप हे चांगले उदाहरण. चार लिटरचे, सहा सिलिंडरचे, टर्बो नसलेले बॉक्सर इंजिन, म्हणजे समोरासमोर आडव्या सिलिंडरांचे, मागच्या चाकांच्याही मागे बसवलेले असते. त्याची ताकद ५१० अश्वशक्ती, गिअरबॉक्स सहा गिअरचा सिक्वेन्शियल (क्रमाने एकेक गिअर बदलणारा) आणि गाडीचे वजन सुमारे १,२६० किलो. २०२६ च्या हंगामासाठी कंपनीने तिची पुढची आवृत्ती आणली, ती ५२० अश्वशक्तीची. तिच्यातला एक बदल संघांच्या खिशाला थेट जाणवणारा आहे. पुढच्या बंपरखालची स्पॉयलरची पट्टी आता तीन तुकड्यांत येते. पहिल्याच वळणावर धक्का बसला, तर मोडलेला तुकडा तेवढा बदलायचा. एकसंध पट्टी असली की कोपरा तुटला तरी सगळीच फेकून द्यावी लागते.

गाडी बदलली की जुन्या हंगामाच्या वह्या निम्म्या बाद होतात. मागच्या वर्षीचा कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल), मागच्या पंखाच्या कोनाची पायरी, टायरची हवा हे आकडे फक्त सुरुवातीचा अंदाज म्हणून वापरावेत. हिवाळी चाचणीत अनुभवी संघ लॅपच्या वेळेमागे धावत नाहीत. ते एका वेळी एकच गोष्ट बदलतात, चार-पाच लॅप घेतात, नोंद करतात आणि पुन्हा मूळ मापावर येऊन खात्री करतात. एकदम तीन गोष्टी बदलल्या, तर गाडी सुधारली तरी कशाने सुधारली ते कळत नाही.

काय बदलता येते, काय नाही

इंजिन, गिअरबॉक्स आणि इंजिनाचा कंट्रोल युनिट यांना सील असते. बोल्टच्या डोक्यांना आडवी भोके पाडून त्यांतून पिळलेली तार ओवलेली असते आणि तिच्या टोकाला क्रमांकाची मोहोर. तार न तोडता बोल्ट फिरवता येत नाही. दुरुस्तीसाठी सील तोडावेच लागले, तर आधी तांत्रिक अधिकाऱ्याला कळवायचे, काम त्याच्या देखरेखीत करायचे आणि नवा क्रमांक नोंदवून घ्यायचा. रात्री घाईत तार कापली आणि सकाळी सांगितले, तर हेतू शुद्ध असला तरी निकालातून नाव जाऊ शकते. हंगामात असे प्रसंग टाळायचे तर प्रत्येक सीलचा फोटो आणि क्रमांक सुरुवातीलाच नोंदवून ठेवावा.

साधारणपणे मोकळीक असते ती गाडीची जमिनीपासूनची उंची, कॅम्बर, टो (चाकांची पुढची टोके आत-बाहेर वळवण्याचे माप), अँटी-रोल बार (वळणात गाडी कलू न देणारा दांडा), मागचा पंख, ब्रेकचा पुढे-मागे वाटा आणि टायरमधली हवा एवढ्याचीच. प्रत्येक मालिकेचे नियम निराळे, त्यामुळे हंगामाची नियमपुस्तिका आणि नंतर निघणारी प्रत्येक दुरुस्ती सूचना मुख्य मेकॅनिकने स्वतः वाचली पाहिजे.

सगळ्यात दुर्लक्षित काम म्हणजे चारही चाकांवरचे वजन जुळवणे. गाडी चार वजनकाट्यांवर उभी करायची. काटे एका पातळीत हवेत. एखादा थोडासा खाली असला तरी आकडे खोटे निघतात. टायरमध्ये ठरलेली हवा, टाकीत ठरलेले इंधन, सीटवर ड्रायव्हर किंवा त्याच्या वजनाइतकी पोती आणि अँटी-रोल बारच्या कड्या सोडवलेल्या, अशी तयारी करूनच मोजायचे. एका कोपऱ्यातली स्प्रिंग वर चढवली, की त्या चाकाबरोबर तिरप्या समोरच्या चाकावरचेही वजन वाढते आणि उरलेल्या दोन चाकांवरचे घटते. दोन्ही कर्णांवरचे वजन जितके सारखे तितके बरे. ते बिघडले असेल, तर गाडी डाव्या वळणात छान वळते आणि उजव्यात पुढून सरळ निघते. ड्रायव्हर कॅम्बरला दोष देतो, दुखणे असते काट्यावर. प्रत्येक बदलानंतर गाडी थोडी पुढे-मागे ढकलून सस्पेन्शन बसू द्यावे, मगच पुन्हा मोजावे.

टायर

स्लिक, म्हणजे नक्षी नसलेल्या, टायरचे संच मोजकेच मिळतात आणि त्यांवर बारकोड असतो. म्हणून हवेचा हिशेब जमला पाहिजे. समजा २० अंशाला टायरमध्ये १.४ बार हवा भरली. टायर ९० अंशांपर्यंत तापला, की तीच हवा साधारण १.९५ ते २ बारवर जाते. सकाळी सराव आणि दुपारी शर्यत असेल, तर सकाळचा थंड आकडा दुपारी चालत नाही, कारण तापलेल्या रस्त्यावर टायर अधिक गरम होतो आणि दाब लक्ष्याच्या वर जातो. मग रबर मधोमध झिजते, कडा कोऱ्या राहतात आणि पकड सुटते. उलट हवा फार कमी ठेवली, तर पहिल्या दोन लॅपमध्ये टायर लोळतो, त्याच्या बाजूच्या भिंतीवर ताण येतो. लक्ष्य नेहमी गरम दाबाचे ठेवावे आणि गाडी पिटमध्ये येताच, टायर निवायच्या आत, दाब मोजावा.

एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक अडकू न देणारी यंत्रणा) नसलेल्या मालिकेत ब्रेक जोरात दाबला, की पुढचे चाक अडकते. त्यात घासून टायरला सपाट चट्टा पडतो. पुढे दर फेऱ्याला स्टिअरिंग थरथरते, आणि पुढच्या ब्रेकला तेच चाक त्याच जागी पुन्हा अडकते. मोजक्या संचांतला एक असा वाया गेला, तर हंगामाचे गणित चुकते.

शर्यत

सुपरकपमधली शर्यत छोटी, अर्ध्या तासाच्या आसपासची, आणि सुरुवात थांबलेल्या गाड्यांवरून होते. मागच्या इंजिनामुळे चालक चाकांवर वजन असते, पकड चांगली मिळते. पण क्लच फार वेळ अर्धवट धरला तर तो तापतो आणि पुढच्या सुरुवातीला दगा देतो. सुपर ट्रोफेओची शर्यत ५० मिनिटांची असते. तिथे पिटमध्ये थांबणे सक्तीचे असल्याने दोन ड्रायव्हरांची सीट, पट्टे आणि पेडल यांचा मेळ आधीच घालून ठेवावा लागतो.

सारख्या गाडीला सारख्याच गाडीने ओलांडणे फार कठीण. सरळ रस्त्यावर दोघांचा कमाल वेग एकच. पुढच्याच्या शेपटीला चिकटलात, की हवा विस्कटते, गाडीचा पुढचा भाग हलका होतो आणि टायर तापतात. म्हणून दोन-तीन लॅप थोडे अंतर ठेवून टायर निवू द्यायचे, मग वळणातून उशिरा आत शिरून बाहेर पडताना लवकर ॲक्सिलरेटर द्यायचा आणि सरळ रस्त्यावर हवेच्या सावलीत, म्हणजे पुढची गाडी हवा कापते त्या जागेत, जायचे. एवढा खटाटोप असल्यामुळे पात्रता फेरीतली जागा इथे सोन्याच्या मोलाची असते.

पाहुणे ड्रायव्हर मधूनमधून येतात. त्यांना सहसा गुण मिळत नाहीत, त्यांच्या मागच्याला ते जातात. विजेतेपदाच्या शर्यतीत असलेल्याने म्हणूनच पाहुण्याशी चाकाला चाक भिडवण्याआधी गुणतक्ता आठवावा.

झेंडा पडल्यावर गाड्या बंदिस्त आवारात जातात. तिथे वजन होते, इंधनाचा नमुना घेतला जातो, सील तपासले जातात. शेवटच्या थंड लॅपमध्ये ड्रायव्हर वाटेवरून बाजूला जाऊन टायरवर सांडलेल्या रबराचे तुकडे चिकटवून घेतात, ते याच काट्यासाठी, गाडीचे वजन कमी भरू नये म्हणून.