पुण्याचा रस्ता चालणाऱ्याच्या हातून कसा गेला

पुण्यात कुठेही फूटपाथ रुंद करायला घेतला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: मग गाड्या कुठून जाणार? जंगली महाराज रस्त्यावर तो विचारला गेला, लक्ष्मी रस्ता एक दिवस वाहनांसाठी बंद ठेवला तेव्हाही विचारला गेला. विचारणारे चिडतात ते उगाच नाही, त्यांना रोज त्याच रस्त्याने कामावर जायचं असतं. पण रस्ता मुळात गाड्यांचा, हे या प्रश्नात धरूनच चाललेलं असतं, आणि पुण्यापुरतं बोलायचं तर ही समजूत फार जुनी नाही.

कसबा, शनिवार, नारायण, सदाशिव या पेठा वसल्या त्या पायी अंतराच्या हिशेबाने. पुढे सायकल आली आणि या अंतरांना ती अशी चपखल बसली की पुणं सायकलींचं शहर म्हणून ओळखलं जाऊ लागलं. तासाच्या भाड्याने सायकल देणारी दुकानं जागोजागी होती. खडकीच्या दारूगोळा कारखान्यातली पाळी सुटली की रस्ता सायकलींनी भरून जाई. सायकलीवर कर होता, तो भरला की पितळी बिल्ला मिळे आणि तो सायकलीला लावावा लागे. रात्री दिव्याशिवाय निघालं तर पोलीस अडवत. घरातल्या वडीलधाऱ्यांकडून या दंडाच्या गोष्टी आपण हसत ऐकतो, पण मला त्यात दुसरंही काही दिसतं. ज्या वाहनावर कर बसतो आणि ज्याला नियम लागू होतात, ते वाहन शहराने मोजलेलं असतं. आज सायकलीला कुणी अडवत नाही, कारण ती कुणाच्या हिशेबातच नाही.

12 जुलै 1961 रोजी पानशेतचं धरण फुटलं. नदीकाठच्या पेठांतली हजारो घरं गेली आणि लोकमान्यनगर, गोखलेनगर, सहकारनगर अशा नव्या वस्त्या उभ्या राहिल्या. शहर पेठांबाहेर पसरायला आधीच लागलं होतं, पुराने त्याला ढकललं. सहकारनगराहून मंडईला सायकलीने येणं जमत होतं. पिंपरीचं गणित मात्र निराळं. तिथे 1954 मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स सुरू झाली, पाठोपाठ टेल्को (आजची टाटा मोटर्स) आणि बजाजचे कारखाने आले, आणि पेठेतल्या माणसाची नोकरी एकदम पंधरा किलोमीटर लांब गेली.

इथे बसने हात द्यायला हवा होता. पुण्याची महापालिका 1950 साली झाली आणि तिची बससेवा पीएमटीही त्याच साली. पण 1982 मध्ये पिंपरी-चिंचवडची वेगळी महापालिका झाली, तिची बससेवा, पीसीएमटी, हीही वेगळी. माणसं रोज या हद्दी ओलांडत होती, बसव्यवस्था मात्र दोन होत्या. दोन्ही एकत्र येऊन पीएमपीएमएल ही एकच बससेवा व्हायला 2007 उजाडलं. दरम्यान 1997 साली आजूबाजूची गावं पुण्याच्या हद्दीत आली होती आणि अंतरं आणखी वाढली होती.

बसची ही पोकळी दुचाकीने भरली. चेतक स्कूटर आणि लूना मोपेड दोन्ही 1972 च्या सुमारास बाजारात आल्या. चेतकसाठी लोकांनी वर्षानुवर्षं नंबर लावून वाट पाहिली. ही हौस नव्हती, गरज होती. शिकणाऱ्या आणि नोकरी करणाऱ्या मुलींना रात्री आठनंतर कुणाच्या सोबतीवाचून घरी परतता येऊ लागलं ते या दुचाकीमुळे. म्हणून दुचाकीवाल्याला खलनायक ठरवणारं बोलणं मला पटत नाही. पण त्याच्या सोयीसाठी जागा काढायची वेळ आली तेव्हा ती दर वेळी कडेने काढली गेली, हेही खरं. रस्तारुंदीत फूटपाथ अरुंद झाला आणि झाडं गेली. एकेरी वाहतुकीने वेग वाढला, मग रस्ता ओलांडणं अवघड झालं म्हणून चालणाऱ्याला भुयारातून किंवा पुलावरून जायला सांगितलं. सत्तरीच्या माणसाने समोरच्या दुकानात जाण्यासाठी चाळीस पायऱ्या का चढायच्या?

1987 च्या विकास आराखड्यात सार्वजनिक वाहतुकीसाठी एक वर्तुळाकार मार्ग राखलेला होता. तो तीन दशकं कागदावरच राहिला. पुन्हा बाहेर काढला तेव्हा त्यात खासगी गाड्यांसाठीही मार्गिका घातलेल्या होत्या.

मग आली बीआरटी, म्हणजे राखीव मार्गिकेतून धावणारी जलद बससेवा. एप्रिल 2006 च्या राष्ट्रीय शहरी वाहतूक धोरणात प्रथमच स्पष्ट म्हटलं गेलं की रस्त्यावरून गाड्या नव्हे, माणसं वाहून न्यायची आहेत. त्याच वर्षी डिसेंबरात कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर बससाठी राखीव मार्गिका सुरू झाली. देशातली ही पहिली, दिल्ली आणि अहमदाबादच्याही आधीची. कोलंबियातल्या बोगोटा शहराच्या बीआरटीचं उदाहरण तेव्हा सगळ्यांच्या तोंडी होतं. पण बोगोटाने बसच्या जोडीने फूटपाथवरच्या गाड्या हटवल्या आणि सायकलमार्ग बांधले, ही बाजू पुण्यात मागे पडली. इथे बस रस्त्याच्या मधोमध नेली, म्हणजे प्रत्येक प्रवाशाला चढण्याआधी किंवा उतरल्यावर वाहत्या गाड्यांमधून चालावं लागणार होतं. बीआरटीचं यश त्या दहा-बारा पावलांवर होतं, आणि ती पावलंच नीट आखली गेली नाहीत. त्यात अर्धवट थांबे, मार्गिकेत शिरणाऱ्या दुचाक्या आणि मध्येच आलेले उड्डाणपूल. अपघात झाले, आणि बीआरटी नकोच असं म्हणणाऱ्यांना आयतं कारण मिळालं. सोलापूर रस्त्यावरची मार्गिका पुढे मोडली. 2015 मध्ये रेनबो बीआरटी या नावाने पुन्हा सुरुवात झाली तेव्हा थांबे बसच्या उंचीला जुळवले होते, पण नगर रस्त्यावरची मार्गिकाही अखेर उखडली गेली.

या चुकीतून काही शिकलं गेलं ते 2016 मध्ये. त्या वर्षी पुण्याने पादचारी धोरण आणि रस्त्यांच्या रचनेची मार्गदर्शक तत्त्वं स्वीकारली. त्याआधी 2012 मध्ये रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसने किमान 1.8 मीटर मोकळा फूटपाथ आणि जास्तीत जास्त 150 मिलिमीटर उंची असं सांगून ठेवलं होतंच. जंगली महाराज रस्त्याची नवी आखणी याच विचाराची: गाड्यांच्या मार्गिका सगळीकडे सारख्या रुंदीच्या, झाडं आणि बाकं एका पट्ट्यात, आणि चालण्याची वाट सलग. तिथे संध्याकाळी आजोबा-आजी बाकांवर बसलेले दिसतात, तेव्हा ही जागा इतकी वर्षं कुठे होती असं वाटून जातं. डिसेंबर 2017 मध्ये सायकल आराखडाही मंजूर झाला. पुढच्याच वर्षी शहरात नोंदलेली वाहनं लोकसंख्येच्या पुढे गेल्याची बातमी आली.

11 डिसेंबर 2021 रोजी महापालिकेने पहिला पादचारी दिन पाळला आणि लक्ष्मी रस्ता चालणाऱ्यांना मोकळा केला. 29 सप्टेंबर 2024 रोजी जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी मेट्रोमार्ग सुरू झाला आणि पेठांच्या पोटात स्थानकं आली. मंडई स्थानकातून वर येणारा प्रवासी पुन्हा त्याच जुन्या पायी अंतरांच्या गावात उभा राहतो. तुळशीबाग तिथून पाच मिनिटांवर आहे. या पाच मिनिटांची वाट आधी लावलेल्या दुचाक्यांमधून काढावी लागते.