धर्मगुरूला 'फादर' म्हणणं पाप आहे का?

सांगली-मिरजेकडच्या ख्रिस्ती घरांत एक समज मुरलाय: धर्मगुरूला 'फादर' म्हणणं म्हणजे देवाची आज्ञा मोडणं. आधार बायबलमधल्या मत्तय 23:9 चा, पृथ्वीवर कोणाला पिता म्हणू नका. वचन खरं आहे, पण मागचंपुढचं सोडून उचललेलं. त्याच अध्यायात प्रभू येशू शास्त्री-परूश्यांना, म्हणजे त्या काळच्या यहुदी धर्मपुढाऱ्यांना, मेजवानीतल्या मानाच्या जागा आणि बाजारातले नमस्कार आवडतात म्हणून खडसावतो. रोख त्या हव्यासावर आहे. अक्षरशः घेतलं तर जन्मदात्यालाही वडील म्हणता येणार नाही, आणि आईबापांचा मान राखण्याच्या आज्ञेची तर येशूच मत्तय 15:4 मध्ये आठवण करून देतो! प्रेषित पौल करिंथ शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला लिहितो की सुवार्तेमुळे मीच तुमचा बाप झालो (1 करिंथ 4:15).

याचा अर्थ उपाधी लावलीच पाहिजे असाही नाही. तशी सक्ती नव्या करारात, म्हणजे बायबलच्या दुसऱ्या भागात, कुठेच नाही. कॅथलिक 'फादर' म्हणतात, प्रोटेस्टंट 'रेव्हरंड' किंवा 'पाळकसाहेब'. ही त्या-त्या चर्चची रीत. मिशनची नोकरी सोडून साताऱ्यात 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा मेळा मांडणाऱ्या कवी ना. वा. टिळकांना महाराष्ट्र आजही रेव्हरंड टिळक म्हणतो, ते प्रेमानं.