गायकवाड, भाऊराव कृष्णाजी ऊर्फ दादासाहेब
(१५ ऑक्टोबर १९०२ – २९ डिसेंबर १९७१). आंबेडकरी चळवळीतील कार्यकर्ते, भूमिहीनांच्या सत्याग्रहांचे संघटक व संसदपटू. जन्म नाशिक जिल्ह्यातील आंबे (ता. दिंडोरी) येथे. ‘कर्मवीर’ ही उपाधी लोकांनी दिलेली.

अस्पृश्यांना मंदिरप्रवेश मिळावा, यासाठीच्या नाशिकच्या काळाराम मंदिर सत्याग्रहास २ मार्च १९३० रोजी प्रारंभ झाला. नेतृत्व बाबासाहेबांचे, पण रोजची जुळवाजुळव सत्याग्रह समितीचे चिटणीस म्हणून गायकवाडांकडे होती. मंदिराच्या चारही दरवाजांवर सत्याग्रहींच्या तुकड्या बसत; त्यांत स्त्रियाही असत. त्या वर्षी रामनवमीचा रथ दोन्ही बाजूंच्या लोकांनी ओढावा, असे ठरले होते. प्रत्यक्षात सत्याग्रहींचे हात लागण्यापूर्वीच रथ पळवून नेण्यात आला आणि दगडफेक झाली.

सत्याग्रह केव्हा संपला, याविषयी लेखकांत मेळ नाही. काही १९३४, तर बरेच जण १९३५ हे वर्ष देतात. रामनवमीला पुन्हा सत्याग्रह करावा काय, या गायकवाडांच्या पृच्छेस बाबासाहेबांनी ३ मार्च १९३४ च्या पत्रात उत्तर दिले. सत्याग्रह तहकूब नव्हे, कायमचा थांबवावा. मूर्तिपूजक होण्यासाठी तो आरंभलाच नव्हता, असा त्याचा आशय. हे पत्र पाहता प्रत्यक्ष समाप्ती १९३४ मध्ये आणि जाहीर विराम ऑक्टोबर १९३५ च्या येवले परिषदेत (बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली ती परिषद), अशी संगती अधिक सयुक्तिक वाटते. दोघांचा पत्रव्यवहार पुढे प्रसिद्ध झाला असून या कालखंडासाठी तो स्मरणपर लेखनापेक्षा विश्वसनीय आहे.

मुंबई विधानसभा (१९३७–४६), लोकसभा (१९५७–६२, नाशिक) व राज्यसभा (१९६२–६८) यांचे ते सदस्य होते. १९५७ ची निवडणूक त्यांनी संयुक्त महाराष्ट्र समितीच्या साथीने जिंकली. त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला, पण दोन वर्षांत तो दुभंगला. बी. सी. कांबळे यांचा गट स्वतःला ‘दुरुस्त’ म्हणवी. गायकवाडांच्या वाट्याला ‘नादुरुस्त’ हे विशेषण आले. धोतरवाले (गायकवाड गट) विरुद्ध सुटाबुटातले (कांबळे गट), असे या फुटीचे वर्णन होई. ते चटकदार असले, तरी कम्युनिस्टांशी सहकार्य व रस्त्यावरचा लढा (गायकवाड) की केवळ सनदशीर मार्ग (कांबळे), हा मूळ मतभेद त्यात झाकला जातो.

पडीक व गायरान जमीन भूमिहीनांना मिळावी, यासाठी १९५९ मध्ये व पुन्हा ६ डिसेंबर १९६४ पासून सत्याग्रह झाले. दुसरा देशव्यापी होता. त्यात अटक झालेल्यांची संख्या तीन लाखांवर गेल्याचे चळवळीतील लेखनात सांगितले जाते. बौद्धांना अनुसूचित जातींच्या सवलती, किमान वेतन आणि संसदेत बाबासाहेबांचे तैलचित्र याही मागण्या होत्या.

१९६७ च्या सुमारास त्यांनी काँग्रेसशी समझोता केला. १९६८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. अनुसूचित जाती व नवबौद्ध भूमिहीन कुटुंबांना चार एकर जिरायती किंवा दोन एकर बागायती जमीन देणारी राज्य शासनाची योजना त्यांच्या नावाने आहे.