कूलरचं घर वेगळं, एसीचं घर वेगळं

सोलापुरात जुळे सोलापूर भाग असो की होटगी रोड, नवं घर बांधणाऱ्याला एसीचं विचारलं की उत्तर बहुधा एकच: "आत्ता कूलरवर भागवू, पुढं पैसे आले की एसी लावू." जणू एसी म्हणजे महागडा कूलर. गार वारा सोडला तर दोघांत साम्य फारसं नाही. घराकडून दोघांना जे हवं असतं ते तर नेमकं उलट, आणि ते प्लॅस्टरच्या आधी ठरवावं लागतं.

कूलर बाहेरची कोरडी हवा ओल्या पॅडमधून ओढतो. पाण्याची वाफ होताना हवेतली उष्णता खर्ची पडते. मे महिन्यात दुपारी पारा ४२ अंशांवर आणि हवेतली आर्द्रता वीसेक टक्के असेल, तर चांगला कूलर २७-२८ अंशांची हवा देतो, तीही दोनेकशे वॅटमध्ये. पुण्या-मुंबईची मंडळी कूलरला नाकं मुरडतात, पण आपला कोरडा उन्हाळा त्याला मानवतो. अट एकच: आत आलेल्या हवेला बाहेर जायला समोरची खिडकी उघडी हवी. "गारवा जातो" म्हणून सगळं बंद केलं की अर्ध्या तासात अंग चिकचिकायला लागतं. पावसाळी दमट हवेत तर खिडकी उघडूनही फार उपयोग होत नाही.

दुसरी अडचण पाण्याची. मोठा कूलर दुपारभरात चाळीसेक लिटर सहज पितो, आणि आपल्याकडं नळाला रोज पाणी कुठं येतं? बोअरचं घालावं तर क्षारांनी पॅडवर पांढरा थर चढतो.

एसी आतलीच हवा फिरवतो आणि तिच्यातली उष्णता बाहेर फेकतो. हवेतला ओलावाही तो पाणी करून पाइपवाटे काढतो, म्हणून पावसाळ्यातही चालतो. दीड टनाचा एसी सुमारे सव्वापाच किलोवॅट उष्णता ओढतो, त्यासाठी वीज साधारण दीड किलोवॅट लागते. त्याला खोली बंद हवी. दाराखालची फट, न बसणारी सरकती खिडकी, वर उघडा झरोका, हे सगळं बिलात दिसतं. एकाच खोलीत दोन्ही लावणारेही पाहिलेत: एक ओलावा भरतो, दुसरा वीज जाळून तोच उपसतो!

वरच्या मजल्यावर मात्र खरं भांडण स्लॅबशी असतं. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहतो. म्हणून दीडाऐवजी दोन टनाचा एसी घेण्याआधी गच्चीवर ब्रिकबॅट कोबा (विटांच्या तुकड्यांचा थर) आणि त्यावर पांढऱ्या चायना मोझॅकचे, म्हणजे फुटक्या चकचकीत टाइल्सचे, तुकडे बसवा. माझं मत विचाराल तर पहिले पैसे इथंच घालावेत. त्याचा फायदा कूलरलाही आहे आणि नुसत्या पंख्यालाही.

त्यानंतर हॉल कूलरला द्यावा आणि झोपायची एक खोली एसीसाठी तयार ठेवावी, मशीन पाच वर्षांनी आलं तरी चालेल. हॉलच्या खिडकीबाहेर कूलरचं वजन पेलेल असा ओटा, शेजारी पाण्याची तोटी आणि नीट अर्थिंग केलेला प्लग हवा. ओला लोखंडी कूलर आणि कच्चं अर्थिंग यानं जीव जाऊ शकतो, इथं चालढकल नको.

झोपायच्या खोलीसाठी इलेक्ट्रिशियन "एसी पॉइंट काढलाय" म्हणेल. तेवढ्यानं भागत नाही. स्वतंत्र एमसीबी (जास्त भार आला की आपोआप पडणारा स्विच) आणि तिथपासून ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर हवी. बाहेरच्या युनिटला मोकळी हवा मिळेल आणि मेकॅनिकला उभं राहता येईल अशी जागा हवी. एलिव्हेशन, म्हणजे घराचं दर्शनी रूप, बिघडतं म्हणून ते जाळीच्या पेटीत कोंडलं की स्वतःचीच गरम हवा परत ओढत बसतं. आणि भिंतीतून जाणाऱ्या एसीच्या पाण्याच्या पाइपला सलग उतार हवा, नाहीतर पाणी आत उलटून रंग फुगतो. पाइप बुजवण्याआधी वरून तांब्याभर पाणी ओता. खाली धार लागली नाही तर गवंड्याला तिथंच थांबवा.